दोन चमचे ऑईल, दीड वीत हवा: पिकअपचे ब्रेक पाईप बदलणं आणि एअर काढणं

पिकअपच्या ब्रेकचं पेडल पार तळापर्यंत दाबलं, तर मास्टर सिलेंडरमधून (पेडलला जोडलेला, ऑईल ढकलणारा मुख्य पंप) एकूण किती ऑईल पुढे सरकत असेल? २२ मिमी बोअर (आतला व्यास) आणि ३ सेंमी स्ट्रोक (पिस्टनची चाल) धरला तर हिशेब ११ मिलिच्या आसपास येतो. चहाचे दोन चमचे. मासळी किंवा आंब्याच्या पेट्या भरलेली, तीन टनांच्या घरातली गाडी आंबा घाटाच्या उतारावर थांबते ती या दोन चमच्यांच्या जिवावर.

हा आकडा डोक्यात ठेवला की ब्रेकच्या कामातल्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. पाईप का बदलायचा, ठरावीकच पाना का लावायचा, एअर, म्हणजे ऑईलमध्ये शिरलेली हवा, काढताना मिस्त्री हेल्परवर का ओरडतो, सगळ्याचं उत्तर एकच: त्या दोन चमच्यांतला थेंबही भलत्याच कामात खर्ची पडता कामा नये.

एक गोष्ट आधीच सांगतो. दहा चाकी, बारा चाकी ट्रकांना यातलं फारसं लागू होत नाही. त्यांचे ब्रेक मुळातच हवेवर चालतात. कंप्रेसर टाक्या भरतो, पेडल दाबलं की ती हवा चाकांपर्यंत जाते. तिथे एअर काढायचा प्रश्नच नाही, टाकीत साचलेलं पाणी तेवढं सोडायचं असतं. (आणि मागच्या एक्सलवरचा स्प्रिंग ब्रेकचा डबा हौसेने उघडायला जाऊ नका. आत दाबून बसवलेली स्प्रिंग माणसाचा जीव घेऊ शकते.) आपण बोलतोय ते ऑईलवरच्या ब्रेकबद्दल: १९८६ साली आलेली टाटा ४०७, २००५ साली आलेला छोटा हत्ती, बोलेरो पिकअप आणि त्यांची भावंडं.

दाबाचा हिशेब

बंदिस्त द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे सतराव्या शतकात फ्रान्सच्या ब्लेझ पास्कालने मांडलं. ब्रेक त्यावर चालतो. पायाने ३० किलो जोर लावला आणि पेडलचा दांडा तो पाचपट करत असेल, तर मास्टर सिलेंडरच्या पिस्टनवर १५० किलो येतात. २२ मिमी बोअरचं क्षेत्रफळ ३.८ चौरस सेंमी. म्हणजे ऑईलचा दाब झाला दर चौरस सेंटीमीटरला जवळपास ४० किलो. पुढच्या कॅलिपरचा (चाकाच्या डिस्कला पॅडने चिमटणारा भाग) पिस्टन ५४ मिमी व्यासाचा असेल तर तो पॅडला ९०० किलोंनी दाबतो. आणि हे बूस्टर (व्हॅक्यूमच्या जोरावर पायाला मदत करणारा डबा) न धरता. बूस्टरची मदत आली की दाब याच्या दुपटीच्या पुढे सहज जातो. पिकअपच्या मागच्या टायरमध्ये आपण चार-साडेचार किलो हवा भरतो आणि तिलाही जपून असतो, यावरून अंदाज घ्या.

हा सगळा दाब सोसणारा पाईप असतो जेमतेम ४.७५ मिमी जाडीचा. आतलं भोक साडेतीन मिमीपेक्षाही कमी.

आता त्यात हवा शिरली असं समजा. ऑईल दबत नाही, हवा दबते. ३ मिलि हवेवर ४० किलोंचा दाब आला की ती दबून थेंबभर उरते. मधल्या काळात मास्टर सिलेंडरने ढकललेलं ३ मिलि ऑईल फक्त ती हवा दाबण्यात गेलं. अकरातले तीन गेले, म्हणजे पाव पेडल वाया. आणि ३ मिलि म्हणजे किती? त्या बारीक पाईपमधला जेमतेम दीड वीत लांबीचा तुकडा. मागच्या चाकांकडे जाणारा तीन मीटरचा कोरा पाईप बसवला की त्यात २५ मिलिहून जास्त हवा असते, म्हणजे पूर्ण स्ट्रोकच्या दुप्पट. नवा पाईप बसवल्यावर पहिले दहा-पंधरा पंप मारूनही पेडल जमिनीला टेकतं ते याचमुळे. मास्टर सिलेंडर गेला म्हणून घाबरायचं कारण नाही.

पाईप कुठे सडतो

मिरकरवाड्यावरून मासळी भरून रत्नागिरी-कोल्हापूर फेऱ्या मारणारी पिकअप कधी खालून बघा. बर्फ वितळतो, खारं पाणी हौद्याच्या फटीतून चासीवर ठिबकत राहतं, वर समुद्राची हवा आणि चार महिने पाऊस. स्टीलचा पाईप वरून रंगवलेला असतो, पण जिथे क्लिप आहे तिथे रंग घासला जातो, क्लिपच्या पोटात चिखल आणि मीठ अडकून बसतं. नेमका तिथेच पाईप आतल्या आत खाल्ला जातो. बाहेरून बघणाऱ्याला पाईप ठणठणीत दिसतो. क्लिप उघडली की खाली खवले. दुसरी वाईट जागा मागच्या एक्सलवरची, जिथे चाकाने उडवलेला चिखल सतत आदळतो. तिसरी, पाईप चासीला किंवा एकमेकांना घासतो ती.

रबरी होजचं दुखणं वेगळं. ती बाहेरून तडकते तेव्हा दिसते तरी. पण कधी कधी आतून सुजते, आणि मग भोक इतकं अरुंद होतं की पायाच्या जोराने ऑईल पुढे जातं, परत मात्र येत नाही. एकाच चाकाचा ब्रेक धरून बसतो, ड्रम तापतो, आणि मालक व्हील सिलेंडर (ड्रममधले ब्रेक शू ढकलणारा चाकातला छोटा सिलेंडर) बदलत बसतो. ऑईलच्या पाईपचं काम काढलंच आहे तर होजही बदलून घ्याव्यात, त्यांची किंमत पाईपच्या मजुरीपुढे काहीच नाही.

एक पाईप फुटला तर बाकीचे ठेवायचे का, असं मालक हमखास विचारतात. माझं मत स्पष्ट आहे. सगळे पाईप एकाच वयाचे, एकाच पाण्यात भिजलेले. फुटलेला तेवढाच बदलला तर नव्या पाईपमुळे पेडल पुन्हा कडक होतं, लाईनला पुन्हा पूर्ण दाब मिळतो आणि पुढचा कच्चा पाईप त्या दाबाने जातो. मागची पूर्ण लाईन एकत्र करा.

सडलेल्या जागी गॅस वेल्डिंगचा टिपका मारून देणारे अजून भेटतात. फुटलेला तुकडा कापून मध्ये फेरूलचा जोड घालणारेही. पाण्याच्या किंवा हवेच्या लाईनला ते चालेल. ब्रेकला दोन्ही नाही म्हणजे नाही. साध्या तांब्याचा पाईपही नको. तो वाकवायला सोपा म्हणून मोह होतो, पण थरथरीने कडक होऊन तडकतो. तांबं-निकेल मिश्रधातूचा पाईप मात्र उत्तम. तो गंजत नाही, आणि किनाऱ्यावरच्या गाडीला मिळाला तर तोच घ्यावा.

खोलणं

गाडी सपाट जागेवर, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, एक्सलखाली स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणी जाऊ नये, पाच मिनिटांसाठीही.

पाईप सोडला की ऑईल ठिबकत राहतं आणि मास्टर सिलेंडरवरची बाटली रिकामी होते. ती पूर्ण रिकामी झाली तर मास्टर सिलेंडरमध्येही हवा शिरते आणि काम दुप्पट वाढतं. त्यावर जुनी, साधी युक्ती आहे: पेडल थोडंसं दाबून सीटच्या मध्ये काठी लावून तसंच धरून ठेवायचं. पिस्टनचा रबर पुढे सरकून बाटलीकडून येणारं छिद्र झाकतो आणि ठिबकणं थांबतं. फक्त एक लक्षात ठेवा, पेडल दाबलेलं म्हणजे ब्रेक लाईट चालू. बॅटरीची एक वायर काढून ठेवली नाही तर संध्याकाळी गाडीला धक्का मारावा लागेल.

नट सोडवणं हा खरा त्रास. ते मऊ असतात आणि वर्षानुवर्षांच्या गंजाने बसलेले. उघडा पाना लावला की कोपरे गोल होतात. यासाठी फ्लेअर नटचा वेगळा रिंग पाना मिळतो, त्याच्या रिंगेला पाईप आत जाईल एवढी खाच असते, बाकी सगळ्या बाजूंनी तो नट धरतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं ऑईल मारून ठेवावं. तरीही नट पाईपला चिकटून सोबत पाईपही पिळत असेल तर भांडत बसू नका. जुना पाईप तसाही टाकायचाच आहे, नटाजवळ कापून टाका आणि उरलेल्या नटावर सरळ सहा कोनी सॉकेट चढवा. जपायचं ते जुन्या पाईपला नाही, समोरच्या व्हील सिलेंडरच्या आट्यांना.

नवा पाईप

तुमच्या मॉडेलचा तयार वाकवलेला पाईप दुकानात मिळत असेल तर तोच घ्यावा, काम निम्मं होतं. नाही मिळाला तर जुना पाईप सरळ न करता बाहेर काढून समोर ठेवायचा आणि सुतळीने वळणांसकट माप घ्यायचं. कापायला पाईप कटर, हॅक्सॉ नको. हॅक्सॉचा बारीक कीस आत राहिला तर तो थेट व्हील सिलेंडरच्या रबरावर जाऊन बसतो. कापल्यावर आतली धार काढायची आणि हवेच्या पाईपने फुंकर मारायची.

मग फ्लेअर. पाईपचं टोक सनईच्या तोंडासारखं पसरून नटाच्या जागेत बसतं आणि तिथेच सील होतं. आट्यांचं काम फक्त दाबून धरण्याचं. म्हणून ब्रेक पाईपला टेफ्लॉन टेप लावणं हा शुद्ध वेडेपणा आहे. टोक एकदाच पसरलं तर कडेला बारीक चीर पडते, त्यामुळे ब्रेकसाठी ते आधी आत दुमडून मग पसरतात, म्हणजे तिथे पत्र्याचे दोन थर येतात. काही गाड्यांमध्ये मात्र हे टोक पसरट नसून फुगीर, गोलसर असतं. दोन्ही प्रकार एकमेकांच्या जागी लावले तर नट घट्ट होतो, पण आज ना उद्या गळतो. जुन्या पाईपचं टोक नीट बघून घेणं एवढाच त्यावर उपाय. आणि फ्लेअर मारण्याआधी नट पाईपवर ओवलाय ना, हे बघा. अनुभवी माणसंही यात फसतात आणि तयार झालेलं टोक कापून पुन्हा सुरुवात करतात.

बसवताना प्रत्येक नट पहिले तीन-चार आटे हाताने फिरला पाहिजे. आखूड पाना घ्या आणि मनगटाच्या जोरावर थांबा. जास्त आवळलं तर फ्लेअर चिरडते. पाईप सायलेन्सरपासून लांब, प्रॉपेलर शाफ्ट आणि स्प्रिंगच्या पट्ट्यांपासून लांब, आणि जिथे क्लिप होती तिथे प्रत्येक जागी क्लिप. मोकळा लोंबणारा पाईप थरथरून तुटतो.

ऑईल कुठलं

बाटलीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, डॉट ३ किंवा डॉट ४. ही ऑईलं हवेतली ओल शोषून घेतात आणि त्यांचा उकळबिंदू घसरत जातो. नियमानुसार डॉट ३ कोरं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळलं पाहिजे, ओल शोषलेलं असताना किमान १४० ला. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरऐवजी ब्रेकवरच गाडी सोडली की ड्रम आणि कॅलिपर तापतात, जुनं ऑईल उकळतं आणि वाफेचे बुडबुडे तयार होतात. वाफ म्हणजे पुन्हा दबणारी वस्तू, आणि पुन्हा तेच: दोन चमचे ऑईल ती वाफ दाबण्यात संपतं, पेडल अचानक खाली. गाडी थंड झाल्यावर सगळं पूर्ववत दिसतं, म्हणून ड्रायव्हरचं कुणी ऐकत नाही.

तेव्हा डबा सीलबंद घ्या, वर्षभर अर्धा उघडा पडलेला नको. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं. डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं ऑईल मात्र यांत मिसळत नाही, ते घालू नका. इंजिन ऑईल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑईल चुकून गेलं तर सगळे रबर फुगतात आणि पूर्ण लाईन नव्याने करावी लागते. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलला जातो.

एअर काढणं

इंजिन बंद. पेडल चार-पाच वेळा मारून बूस्टरमधला व्हॅक्यूम संपवून टाका. हँडब्रेक सोडलेला, ठोकळे आहेतच. ज्या चाकाचा ड्रम उघडला असेल तो परत बसवलेला हवा, नाहीतर पहिल्याच पंपाला व्हील सिलेंडरचे पिस्टन बाहेर उडतील. ब्रेक शूचं सेटिंगही आधी करा. शू ड्रमपासून लांब असतील तर पेडल खालीच राहतं आणि नसलेली एअर तुम्ही तासभर काढत बसता.

सुरुवात मास्टर सिलेंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे सहसा क्रम असा: मागचं क्लीनर साईडचं, मागचं ड्रायव्हर साईडचं, पुढचं क्लीनर साईडचं, शेवटी पुढचं ड्रायव्हर साईडचं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळायचा.

चाकामागच्या निपलला (एअर सोडायचा छोटा पोकळ स्क्रू) पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक वेगळ्या बाटलीत थोड्या ऑईलमध्ये बुडवलेलं. एक जण सीटवर, एक जण चाकाशी.

“मार… मार… मार… धर!”

“धरलाय.”

खालचा माणूस निपल अर्धा फेरा सोडतो. नळीतून फेस, मग बुडबुडे, मग ऑईल. वरच्याच्या पायाखालचं पेडल हळूहळू खाली बसतं.

“गेलं खाली.”

“थांब, सोडू नकोस.” निपल बंद. “हां, सोड आता.”

सगळं त्या “थांब”मध्ये आहे. निपल उघडा असताना पेडल सुटलं की मास्टर सिलेंडर मागून ऑईल ओढायच्या ऐवजी निपलमधून हवा ओढतो आणि काढलेली एअर परत आत. म्हणून वरचा माणूस स्वतःच्या मनाने पाय उचलणारा नसावा. पेडल हळू मारायचं. धाडधाड मारलं की एका मोठ्या बुडबुड्याचे शंभर बारीक बुडबुडे होतात आणि ते नळीपर्यंत यायला फार वेळ घेतात. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा. रोजच्या वापरात पिस्टन ज्या भागात जात नाही तिथे सिलेंडरमध्ये गंज आणि खडबड साचलेली असते. पेडल तळाला टेकवलं की रबर त्यावर घासून फाटतो, आणि एअर काढायला आलेली गाडी मास्टर सिलेंडरचं काम घेऊन परत जाते.

दर चार-पाच वेळांनी मास्टर सिलेंडरवरच्या बाटलीतलं ऑईल बघा, अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. नळीतून निघालेलं ऑईल कपड्यातून गाळून पुन्हा ओतू नये. कपडा बुडबुडे काढत नाही आणि ओल तर नाहीच नाही.

सगळं करूनही मागे ऑईल नीट येत नसेल तर एक्सलजवळचा लोड व्हॉल्व्ह बघा. बऱ्याच पिकअपमध्ये चासी आणि एक्सल यांच्यामध्ये एक दांडी असते. माल भरला की चासी खाली बसते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. चासीखाली स्टँड लावून एक्सल लोंबता ठेवला तर व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा दाब रोखतो. म्हणून स्टँड एक्सलखाली, म्हणजे दांडी नेहमीच्या जागी राहते. मॅन्युअलमध्ये व्हॉल्व्हची वेगळी पद्धत दिली असेल, किंवा त्यालाच निपल असेल, तर तिथलीही एअर काढावी लागते.

पुढे एअर निघतच नसेल तर कॅलिपरचा निपल वर आहे ना बघा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल होऊन बसला की निपल खाली येतो, आणि हवा तर वरच्या कोपऱ्यात साठते. एबीएस असलेल्या गाडीत त्याच्या युनिटमध्ये हवा अडकली तर स्कॅनर लावून त्याचे व्हॉल्व्ह चालवावे लागतात; तिथे हट्ट न करता सोय असलेल्या वर्कशॉपला गाडी न्यावी.

पेडल काय सांगतं

इंजिन बंद ठेवून पेडल जोरात दाबा आणि मिनिटभर धरा. तसंच राहिलं तर ठीक. मऊ लागतं पण दोन-तीन वेळा मारल्यावर वर येऊन स्पंजासारखं दबतं, म्हणजे अजून एअर आहे. वर येऊन कडक लागतं, पण थोड्या वेळाने पुन्हा खालीच, तर बहुधा शूचं सेटिंग. धरून ठेवलेलं पेडल सावकाश खाली सरकतंय आणि बाहेर कुठेही ऑईल दिसत नाही, तर मास्टर सिलेंडरचा रबर आतल्या आत गळतोय. पेडल धरलेलं असतानाच इंजिन चालू केल्यावर ते किंचित खाली जायला हवं, म्हणजे बूस्टर काम करतोय.

प्रत्येक जोडावर कोरा कागद फिरवा. हाताला न जाणवणारा ओलावा कागदावर दिसतो. मग रिकाम्या आवारात, पहिल्या गिअरमध्ये, चार-सहा वेळा थांबून बघा. रस्ता त्यानंतर, आणि घाट दोन-तीन दिवस सपाटीवर चालवल्यावर, जोड पुन्हा एकदा तपासून.

डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक सोडूनही पेटत असेल तर ऑईल टाकून पुढे निघायचं नाही. पॅड झिजतात तशी बाटलीतली पातळी महिनोन्महिने हळूहळू उतरते. आठवड्यात उतरली तर कुठेतरी गळती आहे. आजच्या मास्टर सिलेंडरमध्ये दोन स्वतंत्र लाईन असतात, एक फुटली तरी दुसरी उरते. पण उरलेल्या लाईनवर गाडी थांबायला बरंच जास्त अंतर लागतं आणि पेडल खूप खाली गेल्यावर ब्रेक लागतो. ती सोय गाडी बाजूला घेण्यापुरती आहे, फेरी पुरी करण्यासाठी नाही.

मासळीची गाडी असेल तर माल उतरवल्यावर हौद्याबरोबर चासीच्या आतूनही गोड्या पाण्याचा पाईप मारा. आणि पावसाळा संपला की एकदा रॅम्पवर घेऊन मागच्या लाईनच्या क्लिपा उघडून बघा. क्लिपखाली खवले दिसले तर पाईप आंब्याच्या हंगामाआधी बदलून घ्या, एप्रिलमध्ये मिस्त्रीही मिळत नाही आणि गाडी उभी ठेवणंही परवडत नाही.